बसतंय, भावोजी!

१९६६ साली लंडनमध्ये ‘फझ फेस’ नावाचं गिटारचं एक पेडल बाजारात आलं. गिटारचा स्वच्छ आवाज एका बाजूनं आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं जाडाभरडा, केसाळ, फाटका करून सोडून द्यायचा, एवढंच त्याचं काम. ते काढणाऱ्या आयव्हर आर्बिटर यांना माइकच्या स्टँडचा गोल लोखंडी पाया बघून डब्याचा आकार सुचला, असं सांगतात. त्यामुळे पेडल झालं चांगलं सातेक इंच व्यासाचं. वर डोळ्यांच्या जागी दोन बटणं, खाली हसरं तोंड. झाकण काढलं की आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि बटणांखालचे दोन पॉट. बेरीज ११. बाकी सगळी हवा. जिमी हेंड्रिक्सनं ज्यावर पाय देऊन जग हलवलं, ती वस्तू मुख्यत्वे रिकामी होती.

माझ्या मेहुण्याला हा रिकामेपणा सहन होत नाही.

मेहुणा विमा कंपनीत आहे. दिवसभर तो लोकांच्या संभाव्य अपघातांचा हिशेब करतो आणि संध्याकाळी घरी येऊन सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो. वाजवतो मी, बनवतो तो. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पेडलचा पहिला आणि बहुधा शेवटचा ग्राहक मीच. फझ फेसचं सर्किट त्यानं सुरुवातीलाच एका संध्याकाळी जोडून दाखवलं, आणि ते पहिल्या झटक्यात वाजलं. इतर कोणी असता तर तिथे थांबला असता. हा म्हणाला, “वाजलं हो भावोजी, पण बसवायचं कशात?” तेव्हापासून आमच्या घरात इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न संपलेला आहे आणि जागेचा सुरू झालेला आहे.

कॅनडातल्या ग्वेल्फ गावची हॅमंड नावाची कंपनी ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्या बनवते. खरं म्हणजे त्या कारखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या लोकांसाठी. पण जगभरच्या घरगुती पेडलवाल्यांनी त्यांवर असा काही कब्जा केलाय की त्यांचे मॉडेल नंबर ही मंडळी कुंडलीतल्या ग्रहांसारखे बोलतात. १५९०बी ही सज्जन माणसाची डबी: ११२ मिलिमीटर लांब, ६० रुंद, ३१ उंच. तिच्यात सर्किट बसतं, बटणं बसतात, आणि बसवणाऱ्याचं डोकंही ठिकाणावर राहतं. तिची धाकटी बहीण १५९०ए. लांबी ९२, रुंदी ३८, उंची तेवढीच ३१. माझा अंगठा सोडून उरलेली चार बोटं तिच्यावर आडवी ठेवली की डबी दिसेनाशी होते. मेहुण्याचं सगळं आयुष्य या डबीत गेलंय, आणि अजून थोडं कोंबायचं बाकी आहे.

आता ३८ मिलिमीटर ही बाहेरची रुंदी झाली. दोन्ही भिंतींची जाडी वजा केली की आत उरतात जेमतेम ३५. एवढ्यात कोणाकोणाला घ्यायचं, त्याची यादी तो वहीत लिहितो. गिटारची पिन आत येणार तो एक जॅक. ॲम्प्लिफायरकडे बाहेर जाणार तो दुसरा. अडॅप्टरचा छोटा जॅक तिसरा. दोन पॉट. पायानं दाबायचा स्विच. पेडल चालू आहे हे सांगणारा लाल दिवा. हे सगळं बसल्यावर जी जागा उरेल तिच्यात सर्किट, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते. गंमत अशी की आवाज प्रत्यक्ष जे बिघडवतात ते भाग अंगठ्याच्या नखाएवढ्या पट्टीवर मावतात. जागा खातात ते माणसासाठी ठेवलेले भाग. बोटांसाठी बटणं, पायासाठी स्विच, डोळ्यांसाठी दिवा, केबलींसाठी भोकं. आवाजाला जागा लागतच नाही. जागा आपल्याला लागते.

त्या स्विचचंच बघा. दिसायला ठोकळा. वरून दाबायची एक दांडी, खाली तीन रांगांत नऊ पाय. पेडल बंद असताना गिटारचा आवाज सर्किटला शिवूनसुद्धा न जाता सरळ पलीकडे जावा, अशी या मंडळींची सोवळ्याची कल्पना असते. त्यासाठी स्विचच्या दोन रांगा पुरतात: एक आवाज आत नेणारी, एक बाहेर आणणारी. तिसरी रांग कशाला? तर तो लाल दिवा लागावा म्हणून. आता पेडल चालू आहे की नाही हे कळायला फझला दिवा लागतो, हे मला कधी पटलेलं नाही. फझ चालू झाल्याचं तीन मजले खालच्या वॉचमनलाही कळतं. पण दिव्याशिवाय पेडल म्हणजे मेहुण्याच्या लेखी कुंकवाशिवाय लग्नपत्रिका. तेव्हा स्विच नऊ पायांचाच, आणि त्या नऊ पायांना नऊ वायरी, आणि त्या वायरी ज्या खोलीतून जाणार तिथे आधीच सर्किट बसलेलं.

यावर कोणीही म्हणेल की यात काय मोठं, मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहतातच की. ही उपमा मीही एकदा दिली होती. मेहुण्यानं ती तिथल्या तिथे निकालात काढली. “खोलीतली दोन माणसं रात्री गॅलरीत झोपतात, भावोजी. कंडेन्सरला गॅलरी नाही.”

खरी परीक्षा जॅकची. उघड्या सांगाड्याचा साधा जॅक असतो ना, तो डबीच्या भिंतीला नटानं कसला की मोठा साळसूद दिसतो. दोन समोरासमोरच्या भिंतींवर दोन जॅक, मधे पुरेशी जागा, सर्किट खाली सुखात. झाकण लागतं. चारही स्क्रू कसले जातात. मेहुणा टाळी मागतो, मी देतो. मग मी गिटारची पिन आत घालतो. पाव इंच जाडीची ही पिन टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलीय, तेव्हा कोणाला काटकसरीची घाई नव्हती. ती तीस मिलिमीटर लांब आहे. म्हणजे या भिंतीतून शिरते आणि जवळपास त्या भिंतीला जाऊन टेकते. वाटेत जो कोणी असेल त्याला बाजूला सारते. दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरची पिन. दोघी एकमेकींना ओलांडून पलीकडे, मधे सापडतो तो ट्रान्झिस्टर. पेडल तयार असतं, सुंदर असतं, फक्त त्याला केबल लावायची नसते.

म्हणून मग जॅक वरखाली सरकवायचे. एक डोक्याशी, दुसरा कमरेशी. त्यासाठी सर्किटची पट्टी मधे तासायची. पट्टी तासली की रेझिस्टन्सना आडवं झोपता येत नाही, म्हणून ते उभे करायचे. एक पाय सरळ, दुसरा वरून वाकवून खाली आणलेला. उभे केले की पॉटच्या पत्र्याच्या पाठीला टेकतात. टेकले की शॉर्ट. म्हणून पॉटच्या पाठीला चिकटपट्टी. चिकटपट्टीच्या जाडीनं झाकण अर्धा मिलिमीटर वर राहतं. या अर्ध्या मिलिमीटरसाठी रात्री साडेअकराला कानस घेऊन बसलेला माणूस मी पाहिलाय. चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याच्या लग्नातल्या फोटोंत शोधून पाहिलं. नाही सापडलं.

आणि झाकण. झाकण उघडं असताना जे पेडल वाजतं ते झाकण लावल्यावर वाजत नाही, हा या छंदातला पहिला नियम. उघडलं की पुन्हा वाजतं. मेहुणा यावर सांगतो की कुठेतरी काहीतरी टेकतंय. मला वाटतं त्याला उजेड आवडतो. मग तो झाकण किंचित तिरकं ठेवून, एका हातानं दाबून, दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोट करतो: “वाजवा! थांबा. वाजवा! बसतंय, भावोजी, बसतंय!” चौथा स्क्रू कसला की आवाज बंद. कित्येक पेडलं मी तीन स्क्रूंवर वाजवली आहेत.

सुटे भाग आणायला आम्ही बुधवार पेठेत जातो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत काउंटरवर पुठ्ठ्याचे शेकडो खण, आणि कुठल्या खणात काय ते फक्त त्या एका माणसाच्या डोक्यात. रेझिस्टन्स मागितला की तो न बघता हात घालतो. “किती देऊ?” “एक.” या उत्तरावर तो पहिल्यांदा मान वर करून बघतो. शंभराच्या पट्टीतून एक रेझिस्टन्स कापून देताना त्याचा चेहरा लग्नाच्या हॉलमध्ये एकट्यासाठी पान वाढायला सांगितल्यासारखा होतो. मेहुण्याला मात्र एकच हवा असतो, आणि तोही पाव वॅटच्या जागी अष्टमांश वॅटचा, कारण तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पॉटसुद्धा १६ मिलिमीटरचे नकोत, ९ मिलिमीटरचे हवेत. दुकानदार मोठ्याकडून लहानाकडे, लहानाकडून त्याहून लहानाकडे डबे काढत जातो. शेवटी वैतागून म्हणतो, “साहेब, कानाचं मशीन बनवताय का?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. फक्त परिणाम उलटा.

सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर. फझ फेसच्या सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. काहींत एसी १२८ नावाचे, जे आपल्याकडच्या जुन्या रेडिओंतही सापडतात. सिलिकॉन आल्यावर जगानं जर्मेनियम टाकून दिलं. पेडलवाल्यांनी उचलून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की जर्मेनियमचा आवाज ऊबदार. ते खरंही आहे, कारण त्याला थंडी-ऊन कळतं. एसी १२८ मल्टिमीटरला लावून बोटांत धरा, आकडा तुमच्या डोळ्यांदेखत चढत जातो. सोडा, उतरतो. असे दोन निवडायचे असतात: पहिल्याची ताकद सत्तर-ऐंशी, दुसऱ्याची सव्वाशेच्या आसपास, आणि दोघांतून गळती कमी. एक वाटी ट्रान्झिस्टर घेऊन मेहुणा रात्रभर जोड्या जुळवतो. त्याचं स्वतःचं लग्न एका बैठकीत ठरलं होतं.

लंडनच्या हवेत जन्मलेलं हे सर्किट पुण्याच्या मे महिन्यात येतं तेव्हा त्याची तब्येत बिघडते. पारा चाळिशीला गेला की ट्रान्झिस्टर गळायला लागतो, दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर जे साडेचार व्होल्ट हवेत ते भलतीकडे जातात आणि आवाज घशात अडकतो. सातेक इंचांच्या डब्यात निदान वारा खेळायला जागा होती. इथे ११ भाग एकमेकांच्या अंगावर. एकदा भर दुपारी पेडलनं मान टाकली तेव्हा मेहुण्यानं ते थंड करायला ठेवलं. कुठे, ते संध्याकाळी सासूबाईंना कळलं. कोथिंबिरीच्या पिशवीखाली हात घातल्यावर त्यांच्या हाताला एक गार धातूची डबी लागली आणि चुकून स्विच दाबला गेल्यावर खट् आवाज झाला.

“हे काय आहे?”

“पेडल आहे, आई. दहा मिनिटांत काढतो.”

“भाजीत?”

“भाजीत नाही, भाजीशेजारी.”

फ्रिजमधून काढल्यावर ते झकास वाजलं, हे नोंदवलं पाहिजे. सव्वा गाणं वाजलं.

स्वयंपाकघराशी या छंदाचं नातं तिथेच संपत नाही. डबीला स्प्रेनं रंग दिला की तो मंद आचेवर भाजला तर घट्ट बसतो. घरात ओटीजी ओव्हन आहे, तो नातवाच्या वाढदिवसाच्या केकसाठी घेतलेला. मेहुण्यानं त्यात फिरोजी रंगाच्या दोन डब्या भाजल्या. रंग अप्रतिम बसला. त्यानंतर त्या ओव्हनमधून निघालेल्या नानकटाईला नव्या रिक्षाचा वास येत होता. सासूबाईंनी ओव्हन मेहुण्याला देऊन टाकला आणि त्याच्याकडून नवा वसूल केला. त्यांच्या त्या वेळच्या वाटाघाटी ऐकून मला वाटलं, विमा कंपनीत खरं म्हणजे त्यांनी जायला हवं होतं.

फझ हा आवाज मुळात बिघाडातून आला, हे सासूबाईंना सांगून पाहिलंय. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचं गाणं रेकॉर्ड होत असताना कन्सोलमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बेस गिटार गेंगाण्यासारखा गुरगुरू लागला. गाण्याचं नाव होतं ‘डोन्ट वरी’. हे मी पदरचं घातलेलं नाही. तो गुरगुराट तसाच ठेवला आणि १९६१ साली गाणं गाजलं. मग तिथल्या ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरनं तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम कसा करता येईल ते शोधलं. गिब्सन कंपनीनं १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ-टोन’ म्हणून तो विकायला काढला. सुरुवातीला फारसा कोणी विकत घेत नव्हता. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सनं वाजवल्यावर दुकानांतून तो गायब झाला. विशेष म्हणजे ती धून त्याला ब्रासवर हवी होती. पेडल होतं ते नुसतं नमुन्यापुरतं. त्याच्या वर्षभर आधी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकरचा पडदा फाडून असाच आवाज काढला होता.

सासूबाईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाल्या, “मग ब्लेड काय वाईट होतं? दोन रुपयांत काम झालं असतं.”

या प्रश्नाला मेहुण्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

त्याला विचारलं की हे इतकं लहान का, तर तो सांगतो: जागा वाचते. पेडलबोर्डवर जास्त पेडलं मावतात. या दाव्याची मी टेप घेऊन तपासणी केली आहे. डबी ३८ मिलिमीटर रुंद, हे मान्य. पण तिच्या दोन्ही कुशींतून केबलच्या पिना बाहेर डोकावतात, आणि त्या पिनांची काटकोनी डोकी धरली की डबी अंदाजे दुप्पट रुंद होते. मोठ्या पेडलांत जॅक डोक्याच्या बाजूला नेता येतात. इथे डोक्याच्या भिंतीवर अडॅप्टरचा जॅक आहे आणि तो तरी आपल्या जागी कसाबसा आहे.

अडॅप्टरची तर निराळीच कथा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी डबीत मावते, पण मग दुसरं काही मावत नाही. म्हणून बॅटरी रद्द. एसी १२८ हा पीएनपी जातीचा असल्यामुळे जुन्या फझ फेसमध्ये अर्थिंग पॉझिटिव्हला जोडलेलं असतं, म्हणजे बाकीच्या सगळ्या पेडलांच्या बरोब्बर उलट. पंगतीत सगळ्यांना एकाच अडॅप्टरवर बसवलं की हा एकटा उठून दिवा घालवतो. उपाय दोन. पहिला, ह्याला स्वतंत्र अडॅप्टर द्यायचा; तो अडॅप्टर डबीहून मोठा असतो आणि बोर्डच्या खाली टेकू लावून बसवावा लागतो. दुसरा, टीसी १०४४ नावाची आठ पायांची एक चिप आणि दोन कंडेन्सर आत घालायचे. ती अधिक नऊचे उणे नऊ व्होल्ट करून देते. मेहुण्यानं अर्थात दुसरा निवडला. ११ भागांचं सर्किट लहान डबीत बसवता यावं म्हणून त्यानं भाग वाढवले. ती चिप आपलं काम करताना बारीक शिट्टी घालते. तिचा एक नंबरचा पाय पुरवठ्याला जोडला की शिट्टी इतकी वर जाते की माणसाला ऐकू येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुत्रं अलीकडे माझ्या सरावाच्या वेळी जिन्यात येऊन बसतं. त्याला फझ आवडतो असं मी धरून चाललोय.

वाचलेल्या जागेचं म्हणाल, तर ती वाचलेली मी कधी पाहिली नाही. बोर्डवर पूर्वी चार पेडलं होती, दोन इंच प्लाय मोकळा दिसायचा. आता तिथे सहज दहा-बारा आहेत, आणि मेहुणा नव्या बोर्डासाठी सुताराशी बोलतोय. त्यांतल्या निम्म्यांवर कुठलं बटण कशाचं हे लिहायला जागा नाही. त्यामुळे तो रंगांनी ओळखतो: फिरोजी म्हणजे फझ, पिवळं म्हणजे बूस्टर, आणि करडं म्हणजे रंग संपला होता तेव्हाचं.

इतकी लहान वस्तू हरवते, हे वेगळं सांगायला नको. बायकोला ती सोफ्याच्या फटीत सापडते, पाहुण्यांना पॉवर बँक वाटते. एका आत्याबाईंनी डासांचं लिक्विड मशीन समजून प्लगमध्ये घालायचा प्रयत्न केला. मात्र खरी पंचाईत मेट्रोत. सरावाला जाताना गिटारच्या बॅगच्या कप्प्यात चार डब्या होत्या. पडद्यावर त्या कशा दिसल्या असतील याची कल्पना करा: चार जाड धातूच्या पेट्या, आत गच्च वायरी, वर एक दाबायचं बटण. गार्डनं एक बाहेर काढली आणि हातभर लांब धरली.

“हे दाबल्यावर काय होतं?”

“आवाज फाटतो,” मेहुणा अभिमानानं म्हणाला.

“फुटतो?”

“फुटत नाही हो. फाटतो.”

यापुढचा अर्धा तास मी त्या स्टेशनवर बिनॲम्प्लिफायरच्या गिटारवर त्या डबीचं निष्पाप असणं सिद्ध करत होतो. झाकण उघडून दाखवा म्हणाले, उघडलं. आतली रचना बघून त्यांच्यातला एक वयस्कर गार्ड बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “हे सगळं आत घातलं कसं?” मेहुणा त्याला समजावून सांगायला लागला. गाड्या येत होत्या, जात होत्या. जॅक वरखाली का सरकवले इथपर्यंत आल्यावर मी त्याला ओढून आत नेलं. आजवर त्याच्या कामाला इतका मनापासून दाद देणारा प्रेक्षक दुसरा मिळालेला नाही, आणि त्यात मीही आलो.

कारण माझी तक्रार पायाची आहे. माझ्या बुटाचा नंबर दहा. ३८ मिलिमीटरच्या पेडलवर पाय ठेवला की शेजारची दोन आपोआप दाबली जातात आणि बटण फिरतं ते वेगळंच. बूस्टर लावायला जावं तर फझ चालू, बूस्टर बंद, आवाजाचं बटण शून्यावर. प्रेक्षकांना वाटतं, गडी भावनेच्या भरात थांबला. शिवाय ही पेडलं वजनानं इतकी हलकी की जाड केबलनं जरा पीळ घेतला की ती बोर्डवरून उठून कुशीवर होतात. खाली वेल्क्रो लावल्याशिवाय ती आपल्या पायावर उभी राहत नाहीत. एकाच ठिकाणी ही वस्तू मला निर्दोष वाटली, ती सोसायटीच्या गणपतीत. मागे मूर्ती असल्यामुळे स्टेजवर चपला-बूट काढून चढावं लागतं. अनवाणी पायाच्या अंगठ्यानं १५९०ए अगदी नेमकी दाबता येते. बटणही अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून फिरवता येतं. लंडन-नॅशव्हिलच्या बूट घालणाऱ्या लोकांना हे सुख मिळणं अवघड आहे.

बाजारात तयार मिळतात की अशी पेडलं, असं कोणी म्हणेल. मिळतात. चिनी कंपन्या यंत्रानं मुंगीएवढे भाग चिकटवून याच आकाराची पेडलं ढिगानं काढतात, आयबनेझनं आपलं प्रसिद्ध हिरवं ट्यूब स्क्रीमरसुद्धा छोटं करून विकायला काढलंय. मेहुण्यानं त्यातलं एक आणून उघडलं. आत सगळं व्यवस्थित होतं, आणि वर जागा शिल्लक होती. त्यानं ते परत बंद केलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. परीक्षेत शेजारच्याचा पेपर कोरा दिसावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

सध्या त्याच्या टेबलावर १५९०एलबी आली आहे. हॅमंडचीच, चौकोनी, ५० बाय ५० बाय ३१. तिच्यासाठी त्यानं पुन्हा यादी केली, आणि या वेळी तो नावं लिहिण्याऐवजी खोडतोय. बॅटरी आधीच गेलेली. दिवा गेला, त्यामुळे स्विचचे तीन पाय वाचले. पॉटपैकी फझचा गेला, कारण तो तसाही कायम पूर्ण उघडाच असतो, आणि ते मला मान्य आहे. मग त्याचं लक्ष त्या स्विचवरच गेलं. “भावोजी, तुम्ही फझ बंद कधी करता?” मी आठवून पाहिलं. “मग स्विच कशाला?” १९६८ साली माइक मॅथ्यूजनं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं एलपीबी-१ काढलं ते असंच होतं, हे त्यानं मला ऐकवलं. एक ट्रान्झिस्टर, पायानं दाबायचा स्विच नाही, डबीतूनच पिन बाहेर आलेली, सरळ जाऊन घुसवायची. लहान करण्याच्या नादात मेहुणा सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं मागे जाऊन पोचला होता आणि त्याला त्याचा आनंद होता.

स्विच गेल्यावर जॅक उरले. एक गिटारकडून येणारा, एक जाणारा. येणारा कशासाठी, तर डबी गिटारपासून लांब आहे म्हणून.

परवा मी चहा घेऊन बाहेर आलो तर माझी गिटार सोफ्यावर पालथी आणि मागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडं. स्प्रिंगांच्या शेजारच्या पोकळीत मेहुण्याचा व्हर्निअर उभा.

“भावोजी, इथे किती जागा वाया जातेय, कल्पना आहे का तुम्हाला?”

गिटार मी हल्ली आमच्या बेडरूमच्या कपाटात ठेवतो. त्यानं सासूबाईंकडे कपाटाची दुसरी किल्ली मागितली होती. त्यांनी आधी ओव्हनचे राहिलेले पैसे मागितले.